माशाच्या गर्भाची साक्ष

जीवाचे भवितव्य आरंभीच ठरून गेलेले असते, की ते सभोवतालच्या परिस्थितीने घडत जाते? हा प्रश्न केवळ तत्त्वज्ञांचा नव्हे. गर्भशास्त्राच्या दरबारात हा दावा शंभराहून अधिक वर्षे चालत आला आहे.

१८८८ साली विल्हेल्म रू या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या गर्भातील पहिल्या दोन पेशींपैकी एक तापलेल्या सुईने मारली. उरलेल्या पेशीतून अर्धाच गर्भ निपजला. प्रत्येक पेशीचा वाटा आधीच ठरलेला आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १८९१ मध्ये हान्स ड्रीश यांनी सी-अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या दोन पेशी अलग केल्या, तो प्रत्येकीपासून लहानसा परंतु संपूर्ण जीव झाला. रू यांच्या पुराव्यातील वैगुण्य पुढे उघड झाले: मृत पेशी जिवंत पेशीला तशीच चिकटून राहिली होती. १९१० मध्ये मॅक्लेंडन यांनी बेडकाची ती पेशी अजिबात काढून टाकली, तेव्हा गर्भ संपूर्णच वाढला.

यानंतरचा एक मातबर साक्षीदार आपल्याच देशातील आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतील मत्स्यांवरील ग्रंथात वर्णिलेला पट्टेरी झेब्रा-मासा अमेरिकेत जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी प्रयोगशाळेत रुजविला. त्यांचा प्रसिद्ध निबंध १९८१ चा. या माशाचा गर्भ मातेच्या देहाबाहेर वाढतो आणि तो पारदर्शक असतो.

सर्व पेशींत जनुके बहुधा तीच असतात. त्यांपैकी कोणती कार्यरत आहेत, यावरून पेशीचे स्वरूप ठरते. २०१८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या दोन संशोधनांत सहस्रावधी पेशी सुट्या करून प्रत्येकीची अशी जबानी स्वतंत्रपणे नोंदविली गेली. एका गटाने बारा अवस्थांतील ३८,७३१ पेशी, तर दुसऱ्याने पहिल्या दिवसातील ९०,००० हून अधिक पेशी तपासल्या.

या जबान्यांवरून काय सिद्ध झाले? पेशींच्या वाटा वृक्षाच्या फांद्यांप्रमाणे फुटतात खऱ्या. तथापि भिन्न कुळांतील पेशीही कधी एकाच स्वरूपास पोहोचतात. काही पेशींत तर दोन भवितव्यांच्या खुणा एकत्र आढळल्या. कॉर्डिन नामक जनुक निकामी केले असता पेशींचे प्रकार तेच राहिले, त्यांचे प्रमाण मात्र बदलले.

तेव्हा रू यांचा पक्ष सर्वस्वी फेटाळता येत नाही आणि ड्रीश यांचाही संपूर्ण मान्य होत नाही. पेशीपुढील मार्ग मर्यादित आहेत, परंतु त्यांपैकी कोणता तिच्या वाट्यास येईल, हे केवळ तिच्या कुळावरून सांगता येत नाही. मनुष्याच्या कुळाचा आणि कर्तृत्वाचा संबंध जोडताना आपण ज्या घाईने निवाडे देतो, त्या मानाने या चिमुकल्या गर्भाची साक्ष पुष्कळच संयमाची आहे.