प्रवाळटाकीचे पाणी कोण राखते?

घरी खाऱ्या पाण्याची प्रवाळटाकी मांडणाऱ्या नवशिक्याची पहिली चूक बहुधा स्वच्छतेच्या हौसेपोटी होते. तो दगड घासून लख्ख करतो, गाळणीतला स्पंज नळाखाली पिळतो आणि पाणी जरा गढूळ दिसले की निम्मी टाकी रिकामी करतो. तरीही महिन्याभरात मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात आणि प्रवाळ मिटून बसतात. यात त्याचा एकट्याचा दोष नाही. हा छंद सुरू झाल्यापासून शंभराहून अधिक वर्षे जाणकारांनीही हेच केले. टाकीतले पाणी खऱ्या अर्थाने सुधारले ते घाण पचवणाऱ्या सूक्ष्म जिवांना माणसाने टाकीत जागा आणि सवड दिली तेव्हा. या छंदाचा इतिहास बारकाईने पाहिला तर त्याची साक्ष जागोजागी मिळते.

सुरुवात 1846 सालची. ॲना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून काही दगडी प्रवाळ लंडनला आणले. वाटेत ते एकमेकांवर आपटू नयेत म्हणून सुईदोऱ्याने त्यांना एका मोठ्या स्पंजावर टाचले होते. लंडनमध्ये समुद्राचे ताजे पाणी रोज मिळणे शक्य नव्हते, तेव्हा त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून तेच पाणी अर्धा-पाऊण तास या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. पुढे बाईंनी पाण्यात समुद्रशैवाल ठेवले आणि प्रवाळ तगले. त्याच सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन हा रसायनतज्ज्ञ गोड्या पाण्यात सोनमासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवून पाहत होता. कुजक्या पानांमुळे पाणी बिघडू लागले, तेव्हा त्याने गोगलगायी सोडल्या आणि त्यांनी ती घाण खाऊन टाकली. 1850 साली त्याने हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. प्राणवायू वनस्पती देतील आणि कर्बवायू प्राणी देतील, हे गणित इतके देखणे होते की सगळ्यांना तेच पुरेसे वाटले. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉसचे अशा टाक्यांवरचे पुस्तक आले आणि दिवाणखान्यांतून काचेच्या टाक्या दिसू लागल्या. पण दशकभरातच ही लाट ओसरली, कारण टाक्यांतले पाणी सडत होते. वॉरिंग्टनच्या गोगलगायींनी दाखवलेला धडा, म्हणजे कुजणाऱ्या वस्तूचा समाचार घेणारे कोणीतरी हवे हा, वायूंच्या हिशेबात हरवून गेला.

इथे विल्यम आल्फर्ड लॉइड यांचे नाव पुढे करून कोणी आक्षेप घेईल. 1871 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्यांनी उभारलेल्या मत्स्यालयात वर दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा अंधारा हौद खाली होता आणि पंपाने पाणी अखंड फिरवले जाई. तेच पाणी दीर्घकाळ टिकले. मग हा विजय यंत्राचाच नाही का? यंत्राशिवाय ते झाले नसते, हे मान्य. पण पंप अमोनिया नाहीसा करू शकत नाही. पुरेशा प्राणवायूसह सतत फिरणारे पाणी आणि विस्तीर्ण अंधारे पृष्ठभाग म्हणजे नत्र पचवणाऱ्या जिवाणूंचे आवडते घर. त्यांची ओळखच तेव्हा कोणाला नव्हती. 1877 मध्ये श्लेझिंग आणि म्युन्ट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि खडूच्या थरांतून सांडपाणी झिरपवून, नत्राचे हे रूपांतर जिवांमुळेच होते हे दाखवले. 1890 च्या सुमारास विनोग्राद्स्की या शास्त्रज्ञांनी ते जिवाणू वेगळे केले. अमोनियाचे नायट्राइट एक गट करतो, नायट्राइटचे नायट्रेट बहुधा दुसरा. लॉइडच्या हौदात हेच काम चालले असणार, असे मानायला भरपूर आधार आहे.

शास्त्राला हे उमगले तरी छांदिष्टांपर्यंत पोचायला खूप काळ गेला. विसाव्या शतकाच्या मध्यावरही खाऱ्या पाण्याच्या अनेक टाक्यांत मेलेल्या प्रवाळांचे सांगाडे शोभेला असत आणि त्यांवर शेवाळाचा डाग दिसताच ते ब्लीचमध्ये बुडवले जात, म्हणजे होते नव्हते ते जिवाणूही संपत. अशा काळात, 1961 साली, जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत एका अमेरिकी मासिकात मांडली. टाकीत समुद्राचे पाणी, समुद्रातून जिवंतपणी उचललेले खडक आणि हवेचे साधे बुडबुडे, बस्स. थंड देशांतल्या वाचकांना ते खरे वाटेना. त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत खडक वाटेतच कुजत. पण ही पद्धत चालण्याचे कारण साधे होते. त्या सच्छिद्र खडकाच्या पृष्ठभागावर अमोनिया पचवणारे जिवाणू राहतात आणि आत, जिथे प्राणवायू जेमतेम पोचतो, तिथे नायट्रेटचा पुन्हा नत्रवायू करणारे. तेव्हा वापरात असलेल्या वाळूखालच्या गाळण्यांना ही दुसरी पायरी साधत नव्हती. त्यांत मासे जगत, पण नायट्रेट साचत राही आणि प्रवाळ खंगत. पुढे बर्लिनच्या छांदिष्टांनी जिवंत खडकाला प्रोटीन स्किमरची जोड दिली, तेव्हा दगडी प्रवाळ घरच्या टाकीत वर्षानुवर्षे वाढू लागले.

स्किमर तर पाणी धुतोच की, असे म्हणता येईल. बारीक बुडबुड्यांना चिकटून आलेला दाट तपकिरी फेस वरच्या कपात साचतो, तो ओतताना नाक धरावे लागते, आणि ती घाण कुजण्याआधीच बाहेर जाते हा त्याचा मोठा गुण. आरओचे पाणी, नियमित थोडे थोडे पाणी बदलणे, स्वित्झर्लंडच्या पीटर विल्केन्स यांनी रुळवलेली चुन्याची निवळी, या सगळ्यांची गरज मी नाकारत नाही. सांगाडा रचणाऱ्या प्रवाळाला लिटरमागे 400 ते 450 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि स्थिर क्षारता लागते. ते काम जिवाणूंचे नाहीच. मात्र ही साधने जिवाणूंवरचा भार हलका करतात, त्यांची जागा घेत नाहीत. खडकच कोरा असेल, तर महागडा स्किमर लावलेल्या टाकीतही अमोनिया चढतो.

खरा बोचणारा आक्षेप वेगळा आहे. जिवंत खडक म्हणजे कोणत्या तरी समुद्रातून तोडून आणलेला प्रवाळप्रदेशच. हा आक्षेप रास्त आहे आणि आपल्याकडे तर कायद्याचाच प्रश्न आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून दगडी प्रवाळ आहेत, त्यामुळे मालवणच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा उचलणे हा गुन्हा ठरतो. मुंबईकराला समुद्र दारात असूनही त्याचे पाणी सहसा वापरता येत नाही. किनाऱ्याजवळ त्यात सांडपाणी आणि गाळ मिसळतो, पावसाळ्यात त्याचा खारेपणाही उतरतो. पण जिवाणूंना समुद्रातूनच आणलेला खडक लागतो असे नाही. कोरडा सच्छिद्र दगड, आरओच्या पाण्यात विरघळवलेले समुद्री मीठ, जिवाणूंचे विरजण आणि अमोनियाचा थोडासा खुराक एवढ्यावर नत्राचे चक्र सहसा महिना-दीड महिन्यात बसते. दगड आतपर्यंत वसायला आणखी बरेच महिने लागतात. पण चक्र बसले की नायट्राइट शून्यावर आल्याची खात्री चाचणीने करायची, मगच पहिला मासा सोडायचा, प्रवाळ त्यानंतर, आणि गाळणीतला स्पंज कधी धुवायचाच झाला तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात.