मतदान केंद्राबाहेरचे घोडेस्वार

डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा मूकपट 3 मार्च 1915 रोजी न्यूयॉर्कच्या 42व्या रस्त्यावरील लिबर्टी थिएटरमध्ये लागला. चांगल्या जागेचे तिकीट दोन डॉलर होते, तरी खेळ महिनोन्महिने चालला. त्याच शहरात, काही मैल उत्तरेला, कोलंबिया विद्यापीठात भीमराव आंबेडकर एम. ए.ची तयारी करत होते. त्यांनी हा चित्रपट पाहिल्याचा कागद नाही, आणि कल्पनेने त्यांना त्या खुर्चीत बसवण्याचा मोह टाळलेलाच बरा. मात्र पडद्यावर जो इतिहास दाखवला जात होता, त्याच इतिहासातून त्यांनी पुढे नेमका उलटा धडा काढला. त्याला छापील पुरावा आहे.

चित्रपटाची गोष्ट थॉमस डिक्सन यांच्या ‘द क्लॅन्समन’ या 1905च्या कादंबरीवरून घेतलेली. गुलामगिरीच्या काळातले दक्षिणेतले कापसाचे मळे त्यात सुखी दिसतात आणि गुलाम खुशीत नाचतात. मग यादवी युद्ध होते, मुक्त झालेल्या काळ्यांच्या हाती मत येते आणि सगळ्याचा नास होतो, अशी ही मांडणी. प्रमुख काळ्या भूमिका तोंडाला काजळी फासलेल्या गोऱ्या नटांनी केल्या आहेत. शेवटाकडे क्लू क्लक्स क्लॅनचे बुरखेधारी घोडेस्वार ‘सुटकेसाठी’ दौडत येतात आणि वाद्यवृंद चढत जातो. गोरा प्रेक्षक इथे टाळ्या वाजवत असे. त्यानंतरचे एक छोटे दृश्य मला जास्त महत्त्वाचे वाटते. निवडणुकीचा दिवस उजाडतो. काळे मतदार झोपड्यांबाहेर येतात, समोर हत्यारबंद घोडेस्वारांची रांग पाहतात आणि मुकाट्याने आत परततात. दिग्दर्शकाच्या लेखी हा शेवट गोड आहे.

प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांचे कागद भरपूर उरले आहेत. समाजसेविका जेन ॲडम्स यांनी 13 मार्चच्या ‘न्यूयॉर्क इव्हनिंग पोस्ट’मधील मुलाखतीत चित्रपटावर कडक टीका केली. काळ्यांच्या हक्कांसाठी 1909 साली स्थापन झालेल्या एनएएसीपी या संघटनेने सेन्सॉर मंडळाकडे तक्रारी केल्या, आणि तिच्या बोस्टन शाखेने निषेधाचे पुस्तकच छापले. 17 एप्रिलला बोस्टनच्या ट्रेमाँट थिएटरवर संपादक विल्यम मन्रो ट्रॉटर आपल्या लोकांसह तिकीट मागायला गेले. झटापट झाली आणि ट्रॉटरना अटक झाली.

सर्वांत प्रसिद्ध प्रतिक्रिया मात्र सर्वांत कच्च्या पुराव्यावर उभी आहे. 18 फेब्रुवारीला अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी व्हाइट हाउसमध्ये हा चित्रपट पाहिला, आणि विजेने लिहिलेला इतिहास म्हणून त्याची वाखाणणी केली, असे सर्रास सांगितले जाते. 1915च्या कागदांत हे वाक्य नाही. ते छापले गेले 1937 साली. उलट विल्सन यांचे सचिव जोसेफ ट्युमल्टी यांचे 28 एप्रिल 1915चे पत्र सांगते की अध्यक्षांना चित्रपटाचे स्वरूप आधी ठाऊक नव्हते आणि त्यांनी कधीच पसंती दर्शवली नाही. पण हे पत्रही निषेध सुरू झाल्यानंतरचे आहे, आणि चित्रपटातल्या पाट्यांवर विल्सन यांच्याच इतिहासग्रंथातले उतारे आहेत, हे विसरून चालणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर क्लॅनची नव्याने स्थापना झाली.

ग्रिफिथ यांनी हा इतिहास हवेतून आणला नव्हता. युद्धोत्तर पुनर्रचनेच्या काळात काळ्यांना मताधिकार देणे ही घोडचूक होती, हे मत तेव्हा विद्यापीठांत प्रतिष्ठित होते, आणि त्याचे मुख्य पीठ होते कोलंबिया. तिथले प्राध्यापक विल्यम डनिंग यांच्या नावाने इतिहासलेखनाची ती शाखाच ओळखली जाते. त्याच विद्यापीठात आंबेडकरांचे गुरू एडविन सेलिग्मन होते, जे 1911 ते 1913 या काळात काळ्यांसाठी काम करणाऱ्या अर्बन लीगचे अध्यक्ष होते. तिथल्याच जॉन ड्युई यांनी एनएएसीपीच्या स्थापनेच्या आवाहनावर सही केली होती. आंबेडकरांनी कोलंबियात इतिहासाचे 11 अभ्यासक्रम घेतले. दोन्ही वारे त्या एकाच आवारात वाहत होते, इतके म्हणायला हरकत नाही.

महाराष्ट्राला अमेरिकेतल्या गुलामांची गोष्ट नवी नव्हती. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ 1873 साली छापली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली. तेव्हा दक्षिणेत काळे लोक मत देत होते, निवडूनही येत होते. चारच वर्षांनी, 1877 साली, केंद्र सरकारने तिथल्या आपल्या फौजा बाजूला घेतल्या. 1890च्या मिसिसिपीच्या राज्यघटनेपासून साक्षरतेची परीक्षा आणि मतदान-कर लावून एकेका राज्याने त्यांची मते काढून घेतली. वंशावरून मताधिकार नाकारता येणार नाही असे सांगणारी पंधरावी घटनादुरुस्ती कागदावर तशीच राहिली.

आंबेडकरांची नजर या दुसऱ्या भागावर होती. ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या 1945च्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी इतिहासकार हर्बर्ट ॲप्थेकर यांच्या पुस्तकाच्या आधारे लिहिले की काळे लोक उत्तरेच्या बाजूने लढले आणि मुक्तीनंतर वाऱ्यावर सोडले गेले. अस्पृश्यांना हे विसरता येणार नाही. ग्रिफिथना घोडेस्वार तारणहार वाटले. आंबेडकरांना त्यात बहुसंख्याकांच्या हवाली केलेल्या मताधिकाराचे भवितव्य दिसले, आणि राजकीय हक्कांची हमी स्वातंत्र्याच्या आधीच हवी हा त्यांचा आग्रह त्यातून आणखी पक्का झाला. 1946 साली त्यांनी अमेरिकेतील काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. 31 जुलैचे उत्तर सहानुभूतीचे आहे. दोन्ही पत्रे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ड्यू बॉइस यांच्या कागदपत्रांत आहेत. ड्यू बॉइस यांनीच 1935 साली ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’मध्ये डनिंग-पंथाचा समाचार घेतला होता.

या पत्रव्यवहारानंतर आठ वर्षांनी, 1954 साली, आंबेडकर स्वतः मत मागायला आले ते भंडारा मतदारसंघात. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता; तेंदूपानाचा आणि बिडीचा हा मुलूख. पोटनिवडणूक का लागली, याचा कागद सर्वोच्च न्यायालयाचा आहे. 15 फेब्रुवारी 1954च्या निकालात न्या. व्हिवियन बोस यांनी दोन प्रश्न सोडवले. सर्वसाधारण जागेवर निवडून आलेले चतुर्भुज जसानी एका बिडी-पेढीचे भागीदार होते आणि त्या पेढीचा सरकारला बिड्या पुरवण्याचा करार होता, म्हणून ते अपात्र ठरले. दुसरा प्रश्न गंगाराम थवरे यांचा. महानुभाव पंथ स्वीकारल्याने ते महार राहिले नाहीत, या कारणाने राखीव जागेसाठीचा त्यांचा अर्ज फेटाळला गेला होता. पंथ बदलला तरी जात सुटली नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि निवडणूक रद्द झाली.

मतदारसंघ दोन जागांचा, एक राखीव. पण दोन्हींसाठी मतदार सगळेच. मे महिन्यात सर्वसाधारण जागा प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांनी जिंकली. राखीव जागेवर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी आंबेडकरांचा पराभव केला. भंडारा म्हणजे मिसिसिपी नव्हे, इथे मत द्यायला बंदी नव्हती, आणि ही तुलना ताणू नये. पण अस्पृश्यांचा प्रतिनिधी अखेर कोणाच्या मतांनी ठरतो, हा आंबेडकरांचा 1932च्या पुणे करारापासूनचा प्रश्न त्या निकालात सरळ दिसतो. 1961च्या कायद्याने दोन सदस्यांचे मतदारसंघ संपले, राखीव जागांचे मतदार मात्र संयुक्तच राहिले.