पतगुणांकातील तफावत

एकाच कर्जदाराला निरनिराळ्या पतमाहिती कंपन्यांनी, किंवा एकाच कंपनीच्या निरनिराळ्या प्रारूपांनी, एकाच सुमारास वेगवेगळे गुण देणे. भारतात ट्रान्सयुनियन सिबिल (स्थापना २०००), इक्विफॅक्स, एक्स्पिरियन आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या २००५ च्या पतमाहिती कंपन्या (विनियमन) कायद्याखाली काम करतात. चौघींची पट्टी आज ३०० ते ९०० अशी सारखीच दिसते आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो. एकीकडचे ७२० आणि दुसरीकडचे ७२० सारखीच जोखीम सांगतात असे नाही.

गुणांक हे भाकीत असते. पुढच्या ठरावीक मुदतीत हा माणूस हप्ते थकवण्याची शक्यता किती, हे जुन्या कर्जदारांच्या नोंदींवरून अजमावतात. कोणते कर्जदार नमुन्याला घेतले, किती दिवस थकले म्हणजे ‘थकबाकीदार’ ठरवले, कार्डाच्या मर्यादेचा वापर अधिक महत्त्वाचा मानला की नव्या कर्जांसाठी केलेले अर्ज, यांवर उत्तर बदलते. सिबिलची जुनी आणि नवी आवृत्तीही एकाच ग्राहकाला वेगळे आकडे देते. बँकेने कोणती आवृत्ती पाहिली, हे ग्राहकाला सहसा कळत नाही.

सूत्रापेक्षाही मोठी तफावत नोंदींमधून येते आणि हैदराबादचा अनुभव याबाबत फार बोलका आहे. एसकेएस, स्पंदना, शेअर या मोठ्या सूक्ष्मवित्त संस्थांची मुख्यालये याच शहरात होती. गावोगावच्या बायकांना त्या गटाने कर्ज देत, पण या कर्जांची नोंद कोणत्याही ब्युरोकडे, म्हणजे पतमाहिती कंपनीकडे, धड नव्हती. त्यामुळे एकीला तीन-चार संस्थांचे कर्ज असले, तरी ते कुणालाच दिसत नसे. वसुलीच्या जाचाच्या आणि आत्महत्यांच्या बातम्यांनंतर आंध्र प्रदेश सरकारने ऑक्टोबर २०१० मध्ये अध्यादेश काढला आणि वसुली जवळजवळ थांबली. डिसेंबर २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने या संस्थांना ब्युरोचे सभासदत्व सक्तीचे केले. सुरुवातीला त्यांची माहिती मुख्यतः हाय मार्क आणि इक्विफॅक्सकडे गेली. परिणामी तीच बाई एका ब्युरोत थकबाकीदार, तर दुसऱ्यात इतिहास नसलेली. प्रत्येक ब्युरो आपल्यापुरते खरेच बोलत होता. सर्व कर्जसंस्थांनी चारही कंपन्यांचे सभासद व्हावे, हा आदेश निघायला जानेवारी २०१५ उजाडले. माझ्या मते, हा उशीर ज्यांच्याकडे दुसरा कुठलाच पतपुरावा नव्हता अशा बायकांना सर्वांत महाग पडला.

आजही एक अडचण उरतेच, ती ओळख जुळवण्याची. तेलुगू रीतीप्रमाणे घराण्याचे नाव आधी, तेही अनेकदा नुसत्या आद्याक्षराने लिहितात. एकच व्यक्ती मतदार ओळखपत्रावर ‘के. लक्ष्मी’, पॅन कार्डावर संपूर्ण नावाने आणि बचतगटाच्या वहीत ‘लक्ष्मम्मा’ असू शकते. एका ब्युरोची यंत्रणा या तिन्ही नावांची खाती जोडते, तर दुसरी ती वेगळी ठेवते; क्वचित त्याच नावाच्या शेजारणीचे कर्जही चिकटते. शिवाय सूक्ष्मवित्त आणि किरकोळ कर्जे यांची दप्तरे ब्युरोंमध्ये वेगळी ठेवली जातात. म्हणून नियमित फेडलेल्या गटकर्जाचे श्रेय नेहमीच्या गुणांकात मिळेलच असे नाही.

माहिती पोचण्याची वेळही महत्त्वाची. कर्ज फिटल्याची खबर एका ब्युरोला लवकर, दुसऱ्याला उशिरा लागली, तर मधल्या काळात आकडे जुळत नाहीत. पूर्वी महिन्याने जाणारी माहिती १ जानेवारी २०२५ पासून पंधरवड्याने पाठवणे बंधनकारक झाले.

गुणांक जुळत नसतील, तर आधी चारही ब्युरोंचे अहवाल शेजारी ठेवून खाते क्रमांक, शिल्लक रक्कम आणि ‘बंद’, ‘तडजोड’, ‘निर्लेखित’ हे शेरे ताडून पाहावेत. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. तक्रार ३० दिवसांत न सुटल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या परिपत्रकाने झाली. हा हक्क नोंदींपुरता आहे. गुण काढण्याचे नेमके सूत्र कंपन्या उघड करत नाहीत.