काठाने वाहणाऱ्या विजेची कुळकथा

द्विमितीय संस्थितीय निरोधक म्हणजे पोटातून वीज जाऊ न देणारा, परंतु कडेने मात्र ती वाहू देणारा अतिशय पातळ पदार्थ होय. ताणले वा वाकवले तरी जे गुण टिकून राहतात त्यांचा विचार करणारी गणिताची शाखा म्हणजे संस्थितिविज्ञान. या पदार्थातील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्यांची उलटलेली क्रमवारी हा तशाच जातीचा गुण असून पट्ट्यांमधली ऊर्जेची फट मिटल्याखेरीज तो पुसला जात नाही, म्हणून हे नाव पडले. लुगड्याच्या काठाशी तुलना करण्याचा मोह होतो खरा, पण लुगडे मधोमध फाडले तर नव्या कडेला काठ उगवत नाही. येथे तो आपोआप उगवतो.

या कुळाचा मूळपुरुष क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना 1980 साली सापडलेला क्वांटम हॉल परिणाम. त्यातही वीज काठानेच वाहते, मात्र त्याला प्रबळ चुंबकक्षेत्र लागे. 1988 साली डंकन हॅल्डेन यांनी असे बाह्य क्षेत्र तत्त्वतः अनावश्यक असल्याचे दाखवले आणि 2005 साली चार्ल्स केन व यूजीन मेले यांनी ग्राफीनसाठी, म्हणजे कार्बनच्या एकपदरी पत्र्यासाठी, मांडलेल्या सिद्धान्तात ते काम इलेक्ट्रॉनाचे परिवलन व त्याची कक्षीय गती यांच्या परस्परबंधावर सोपवले. विरुद्ध परिवलनाचे इलेक्ट्रॉन ठाणे-कल्याण लोहमार्गावरील अप आणि डाऊन गाड्यांप्रमाणे विरुद्ध दिशांना धावतात, आणि वाटेत चुंबकीय अशुद्धीसारखा एखादा सांधा नसेल तर डाऊनच्या रुळावरचा इलेक्ट्रॉन सहजी मागे वळत नाही. सिद्धान्त देखणा होता, पदार्थ मात्र चुकला होता: कार्बनचा अणू हलका असल्याने त्यातला हा बंध दुबळा, आणि त्यातून निर्माण होणारी फट खोलीच्या तापमानाच्या उष्णताऊर्जेपुढे, म्हणजे सुमारे 0.025 इलेक्ट्रॉन-व्होल्टपुढे, नगण्य ठरते.

म्हणून शोध जड अणूंकडे वळला. बर्नेविग, ह्यूज आणि झांग या भौतिकशास्त्रज्ञांनी 2006 साली कॅडमियम टेल्युराइडच्या थरांमध्ये दाबलेल्या पाऱ्याच्या टेल्युराइडचे नाव सुचवले. हा मधला थर सुमारे 6.3 नॅनोमीटरपेक्षा जाड झाला की पट्ट्यांचा क्रम उलटतो, असे त्यांचे गणित होते. असे थर वाढवण्यात वाकबगार असलेल्या व्युर्ट्सबुर्ग येथील लॉरेन्स मोलेनकाम्प यांच्या प्रयोगशाळेने 2007 साली ते खरे करून दाखवले, मात्र निरपेक्ष शून्याजवळच्या थंडीत. टंगस्टन डायटेल्युराइडच्या एकपदरी पत्र्याने 2018 साली ही मर्यादा सुमारे 100 केल्विनपर्यंत नेली, तरी तो पत्रा हवेत खराब होतो आणि परिणाम दिसला तो अत्यंत आखूड अंतरावर. सिलिकॉन कार्बाइडवर वाढवलेल्या बिस्मथच्या एकपदरी थरात 2017 साली सुमारे 0.8 इलेक्ट्रॉन-व्होल्टची फट आढळली, पण तो थर निर्वात पेटीबाहेर टिकवणे हीच मोठी अडचण. फटीच्या आकड्यावरून पदार्थाची उपयुक्तता ठरवण्याची सवय त्यामुळे अपुरी म्हणावी लागते: काठाची लांबी, हवेत तग धरणे आणि थर वाढवण्याची सोय यांचा हिशेबही तितकाच महत्त्वाचा आहे.

दरम्यान ग्राफीन वेगळ्याच वाटेने परतले. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मंदार देशमुख यांच्या गटाने 2022 साली प्रसिद्ध केलेल्या कामात ग्राफीनचे दोन दुपदरी पत्रे किंचित पिळून एकमेकांवर ठेवले, आणि विद्युतक्षेत्राने पट्ट्यांची संस्थितीय जात बदलते तेव्हा तो बदल हॉल व्होल्टतेवरून, म्हणजे प्रवाहाच्या आडव्या दिशेने उमटणाऱ्या व्होल्टतेवरून, ओळखता येतो, असे दाखवले. येथे जड अणूंचे काम पत्र्यांमधील पिळाकडे आले आहे.