फाटकापासून फळ्यापर्यंत

विद्यापीठाच्या इमारतींत व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्याला कसे वावरता येईल, या अभ्यासाची पायाभरणी विद्यापीठातच झाली. इलिनॉय विद्यापीठाने १९४८ साली गेल्सबर्गच्या शाखेत अपंग विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. पुढच्याच वर्षी ती शाखा बंद करायचे ठरले, तेव्हा या विद्यार्थ्यांनी राजधानी स्प्रिंगफिल्ड गाठून राज्यपालांकडे दाद मागितली. शेवटी त्यांना अर्बाना-शँपेनच्या मुख्य आवारात जागा मिळाली. तिथे टिमथी न्यूजंट यांच्या पुढाकाराने झालेल्या संशोधनातून १९६१ साली अमेरिकेचे पहिले सुगम्यता-मानक तयार झाले. ज्यांना आत यायचे होते, त्यांच्याच अनुभवावर हे शास्त्र उभे राहिले, आणि माझ्या मते आजही त्याला दुसरा भक्कम आधार नाही.

रॅम्पचेच पाहा. उतार १:१२ हवा, म्हणजे पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्यांसाठी सुमारे साडेपाच मीटर लांबी. तेवढी जागा सोडायची नसते म्हणून अनेक ठिकाणी दोन मीटरांत घसरगुंडी बांधली जाते आणि कागदावर ‘रॅम्प उपलब्ध’ अशी नोंद होते. रॅम्प नीट झाला तरी पुढे लिफ्ट, प्रयोगशाळेचे टेबल, ग्रंथालयातल्या मांडण्यांमधली वाट आणि स्वच्छतागृह आहेच. स्वच्छतागृहाचे दार अरुंद असेल, आत खुर्ची वळवायला दीड मीटरची मोकळी जागा नसेल, तर व्हीलचेअरवरची मुलगी दिवसभर पाणी पीत नाही. हा प्रश्न वास्तुरचनेचा आहे तितकाच आरोग्याचाही. म्हणून फाटकापासून फळ्यापर्यंतचा आणि परतीचाही अखंड रस्ता या विषयात तपासावा लागतो.

आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा राखल्या. पण सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशींसारखे राहिल्याने कायद्याशी विसंगत ठरतात, असे सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात नोव्हेंबर २०२४मध्ये स्पष्ट केले आणि बंधनकारक नियम करण्याचे आदेश दिले. जागा राखली आणि वर्ग वरच्या मजल्यावर ठेवला, तर तो प्रवेश नावापुरता उरतो.

मराठी वाचकाला या विषयाची ओळख करून घ्यायची असेल, तर कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन जरूर वाचावे. वास्तुशास्त्र, कायदा, समाजशास्त्र, कोणत्याही शाखेतून या; इथे सर्वांना काम आहे. सुरुवात आपल्याच महाविद्यालयापासून करा. मोजपट्टी घ्या आणि तिथे व्हीलचेअर वापरणाऱ्या विद्यार्थ्याला, त्याची तयारी असेल तर, सोबत येण्याची विनंती करा.