थांबलेल्या गाडीचा हिशेब

लांब पल्ल्याचा ट्रकचालक व्हावे की होऊ नये, हा प्रश्न इतिहासाच्या धाग्यात पाहून काहींना नवल वाटेल. पगार किती, परवाना कसा काढायचा, घरी किती दिवसांनी येता येईल, एवढ्यावर हा विचार संपतो असा सर्वसाधारण समज आहे. परंतु माल दूरवर पोहोचवणे हा या देशातील फार जुना पेशा आहे, आणि त्याच्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते. वाहतूकदार रस्त्यावर जितका दमतो त्याहून अधिक तो थांबल्या जागी खचतो. वाहन वाटेत थांबले तर त्या थांबण्याचा खर्च कोणी सोसायचा? या एका प्रश्नाचे उत्तर ज्या काळी जसे होते, तसे त्या काळच्या वाहतूकदाराचे आयुष्य घडले. तोच प्रश्न हाती धरून आपण सुमारे चारशे वर्षे मागे जाऊ.

१६३२ साली पीटर मंडी हा ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर उत्तर हिंदुस्थानात प्रवास करीत होता. वाटेत त्याला बंजाऱ्यांचा तांडा भेटला. त्यात धान्याने लादलेले चौदा हजार बैल होते, असे त्याने नोंदवले आहे. हे गाडीला जुंपलेले बैल नव्हेत. पाठीवर गोण्या वाहणारे, ज्यांना आपल्याकडे पाठाळ म्हणत ते. बायकामुले, भांडीकुंडी, सारा संसार तांड्याबरोबरच असे. एका दिवसाची मजल जेमतेम सहा-सात मैलांची. आजच्या वाचकाला ही गती हास्यास्पद वाटेल, पण या संथपणातच त्या व्यवसायाचे सारे गणित दडलेले होते. बैल चरत चरत पुढे जात. वाटेवरचे गवत फुकट होते, म्हणून धान्य आणि मीठ यांसारखा वजनाने भारी व किमतीने हलका माल शेकडो मैल नेणे परवडत असे. कोठे चार दिवस मुक्काम पडला तरी बैल चरतच राहात आणि घर सोबतच असल्यामुळे घरापासूनचा विरह असा काही नसे. शिवाय पुष्कळदा माल त्यांनी स्वतःच विकत घेतलेला असे. दुसऱ्याच्या वखारीच्या दारात ताटकळण्याचा प्रसंग फारसा येत नसे.

अर्थात त्या तांड्यातील तरुणाला 'हा पेशा पत्करू का' असे कोणी विचारत नव्हते. तो तांड्यातच जन्मत असे. निवडीचे स्वातंत्र्य नव्हते आणि निवडीची चिंताही नव्हती.

बंजारा समाजात एक परंपरागत आठवण जपलेली आहे. मोगलांच्या दख्खन मोहिमेत भंगी आणि जंगी या दोन नायकांनी फौजेला रसद पुरवली. तेव्हा आसफखानाने त्यांना सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट दिला, असे सांगतात. त्यातील सवलती मोठ्या अर्थपूर्ण आहेत: कोणाच्याही रांजणातले पाणी घ्यावे, छपरावरचे गवत काढून बैलांना घालावे, आणि दिवसाला तीन खून माफ. हा ताम्रपट अस्सल सनद म्हणून कोणी पुढे ठेवला तर इतिहासकाराने दहा शंका काढाव्यात, हे उघड आहे. 'तीन खून माफ' हा शब्दप्रयोग तर लोककथेच्या कुळातला वाटतो. तरीही एक समाज आपल्या वैभवाच्या आठवणीत नेमके काय मागतो, हे पाहण्यासारखे आहे. त्याने जहागीर मागितलेली नाही. त्याने पाणी मागितले, चारा मागितला आणि वाटेवर घडणाऱ्या अपघाती रक्तपाताबद्दल अभय मागितले. म्हणजे थांबण्याचा खर्च आणि रस्त्यावरची जोखीम या दोन्ही गोष्टी राज्यसत्तेने उचलाव्यात, एवढीच ती मागणी होती. सत्तेलाही हा सौदा परवडत असे, कारण तांड्यावाचून फौजेचे पोट भरत नव्हते. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थर वेलस्ली दख्खनमध्ये उतरला, तेव्हा त्याच्या सैन्याचीही भिस्त याच वंजारी-बंजारा बैलांवर होती.

पुढच्या सत्तर-पाऊणशे वर्षांत हा सौदा मोडला. १८३० मध्ये बोरघाटातून चाकाच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला आणि पाठाळाची जागा बैलगाडी घेऊ लागली. १८६३ मध्ये त्याच घाटातून आगगाडी वर चढली, दोन वर्षांनी थळघाटातूनही. वऱ्हाडचा कापूस एकेकाळी बैलांच्या पाठीवरून पार मिर्झापूरपर्यंत जाई. तो आता रेल्वेने मुंबईच्या बंदराकडे वळला. एवढे आपल्या पाठ्यपुस्तकांत येते. जे सहसा येत नाही ते १८७८ च्या वन कायद्याचे. राखीव जंगले आखली गेली, चराईवर बंधने आणि शुल्क आले. ज्या गवतावर या वाहतुकीचे अर्थशास्त्र उभे होते, त्या गवतालाच किंमत लागली. त्यातच १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची सावली काही प्रांतांत या समाजावर पडली. फिरणे हाच ज्यांचा धंदा, त्यांचे फिरणेच संशयास्पद ठरले. रेल्वेने बंजाऱ्यांना हरवले, असे आपण सहजपणे म्हणतो. माझ्या मते रेल्वेइतकाच वाटा त्या चराईच्या पावतीचा आहे.

गंमत अशी की, थांबण्याला किंमत असते ही गोष्ट रेल्वेने फार लवकर ओळखली, मात्र ती स्वतःपुरती. मालगाडीची वाघीण ठरलेल्या वेळेत भरून किंवा रिकामी करून दिली नाही, तर व्यापाऱ्याकडून दंडाची रक्कम वसूल करायची. हाच 'डेमरेज'. जहाजांच्या व्यवहारातून आलेली ही रीत रेल्वेत आजही चालू आहे. वाघीण तासाच्या हिशेबाने मोलाची ठरली. ट्रकच्या चालकाला तसा हिशेब कधी मिळाला का?

ट्रकच्या कथेला आपल्याकडे पहिल्या महायुद्धानंतर गती आली. १९३० च्या मंदीत मोटारींनी रेल्वेचे उत्पन्न ओढून नेले, अशी ओरड झाली आणि १९३३ मध्ये मिचेल आणि कर्कनेस यांचा रस्ते-रेल्वे स्पर्धेवरील अहवाल आला. पाठोपाठ १९३९ चा मोटार वाहन कायदा. परवाना, हद्द, मार्ग या साऱ्यांची चौकट त्यातून उभी राहिली. कायद्याला मुख्य काळजी होती ती गाडी कोठवर जाते याची. चाकामागे बसलेला माणूस किती तास जागा आहे, याकडे लक्ष पुरेसे गेले ते स्वातंत्र्यानंतर.

१९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा हा या इतिहासातील एक उपेक्षित दस्तऐवज आहे आणि या क्षेत्रात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, लांब पल्ल्याच्या मार्गावर अधिकाऱ्याच्या मान्यतेने दहा आणि चोपन्नपर्यंत, पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, आठवड्याची सुट्टी. कागदावर सारे चोख होते. फक्त २०२५ पर्यंत अमलात असलेला हा कायदा लागू होत असे तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थेला. आता आपल्या देशातील ट्रकधंद्याचे रूप आठवा. एक-दोन गाड्यांचा मालक, एक चालक, एक क्लीनर. कित्येकदा मालक स्वतःच चालक. कायद्याच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच मोठा जनसमुदाय बाहेर राहिला. राज्य सरकार अधिसूचना काढून ही मर्यादा खाली आणू शकत असे, अशी सोयही त्यात होती. कागदावर ती सोय होती, एवढे येथे पुरे.

मग चालकाचे वेतन ठरले ते रूढीने. काही ठिकाणी मासिक पगार आणि भत्ता, पुष्कळ ठिकाणी फेरीवर ठोक रक्कम आणि हातात वाटखर्च. ठोक रकमेत फेरी तीन दिवसांत झाली काय किंवा सहा दिवसांत झाली काय, चालकाला मिळायचे ते तेवढेच. मध्येच गोदामात हमाल नाहीत, परतीचे भाडे मिळत नाही, पावसाने घाट बंद आहे, असे काहीही झाले तरी वाया गेलेला दिवस चालकाच्या खात्यातून वजा होतो. गाडी थांबवून ठेवल्याबद्दल माल पाठवणाऱ्याने भरपाई दिलीच, तरी ती प्रथम मालकाच्या हाती पडते. मालकालाही सर्वस्वी खलनायक ठरवता येत नाही. गाडी उभी असली तरी कर्जाचा हप्ता उभा राहात नाही. बंजाऱ्याचा बैल थांबला की चरत असे. ट्रक थांबला की मालकाला चरतो.

आपल्याकडचे हे अपरिहार्यच आहे का, हे तपासण्यासाठी क्षणभर अमेरिकेकडे पाहणे उपयोगी ठरेल, कारण तेथे याचे उलटे उत्तर एकदा मिळाले होते आणि पुढे ते हातचे गेले. १९३५ च्या कायद्याने तेथील सरकारने आंतरराज्य ट्रकवाहतुकीचे दर आणि परवाने नियंत्रित केले. १९६४ मध्ये जिमी हॉफाच्या नेतृत्वाखाली टीमस्टर्स संघटनेने देशव्यापी मालवाहतूक करार घडवला. संघटित चालकाला मैलागणिक दराखेरीज खोळंब्याच्या वेळेचाही मोबदला मिळू लागला. हॉफा संत नव्हता. त्याच वर्षी लाचखोरीच्या प्रयत्नाबद्दल त्याला न्यायालयाने दोषी ठरवले. पण करार टिकला. मग १ जुलै १९८० रोजी अध्यक्ष कार्टर यांनी नियंत्रणे सैल करणाऱ्या कायद्यावर सही केली. नव्या कंपन्यांची गर्दी झाली, वाहतूक स्वस्त झाली, संघटनेचा प्रभाव ओसरला आणि चालकाचे खरे वेतन घसरत गेले. मायकेल बेल्झर या एकेकाळी स्वतः ट्रक चालवणाऱ्या अभ्यासकाने २००० साली यावर ग्रंथच लिहिला. फक्त मैलांवर मोबदला मिळू लागला की, गोदामाच्या दारात गेलेले तास फुकटचे ठरतात, आणि फुकट मिळणारा वेळ कोणीही जपून वापरत नाही. ही अमेरिकी हकिकत असली, तरी आपल्याकडच्या कोणत्याही चालकाला ती समजावून सांगावी लागणार नाही.

महाराष्ट्रात या खोळंब्याला एक खास सरकारी रूप होते: जकात नाका. शहराच्या वेशीवर ट्रकांच्या रांगा, हातात बिल्टी घेऊन खिडकीशी उभा चालक, हे दृश्य दोन-तीन पिढ्यांनी पाहिले. बहुतेक शहरांतून जकात आधीच गेली होती. मुंबईतून ती ३० जून २०१७ नंतर गेली, कारण दुसऱ्या दिवशी जीएसटी आला. राज्यांच्या सीमेवरील अनेक तपासणी नाकेही उठले. पुढे ई-वे बिल आले, २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला. हा बदल खरा आहे आणि त्याला कमी लेखू नये. मात्र वाचलेल्या तासांचे काय झाले, हा प्रश्न उरतोच. जेथे मोबदला फेरीवर आहे, तेथे ते तास विश्रांतीच्या खात्यात जाण्यापेक्षा पुढच्या फेरीच्या खात्यात जाण्याचा संभव अधिक.

आता मूळ प्रश्नाकडे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने कोणाला नोकरीचा सल्ला देऊ नये, हे मला मान्य आहे. तरी गाडीवर जाऊ पाहणारा कोणी मित्र विचारता झाला, तर पगाराच्या आकड्याआधी मी त्याला पुढील गोष्टी विचारायला सांगेन. पैसे महिन्यावर आहेत की फेरीवर? गाडी मालकाच्या किंवा गोदामाच्या कारणाने दोन दिवस उभी राहिली, तर त्या दोन दिवसांचे काय? परतीचे भाडे शोधण्याची जबाबदारी कोणाची? संस्थेत हजेरीची नोंद होते का? लांबच्या फेरीवर दुसरा चालक मिळतो का? क्लीनरची जागा हळूहळू नाहीशी होत आहे. पूर्वी त्याच जागेवर बसून मुलगा वर्षानुवर्षे गाडी शिकत असे आणि चालकाला रात्री सोबत मिळत असे. ती शाळा बंद झाल्यावर एकट्या माणसावर किती भार पडतो, हेही विचारात घ्यावे.

आणि जोखीम. जुन्या दंडसंहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कमाल शिक्षा दोन वर्षांची होती. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत ती पाच वर्षे झाली. अपघातानंतर पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. जमावाच्या हाती सापडण्याचे भय हा चालकांचा मुद्दा. रस्त्यावर तडफडत सोडलेल्या माणसाचे काय, हा दुसऱ्या बाजूचा मुद्दा. दोन्ही खरे आहेत. सरकारने चर्चेचे आश्वासन दिले, आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा दहा वर्षांची ती तरतूद बाजूला ठेवण्यात आली. ताम्रपटातल्या 'तीन खून माफ' पासून येथवरचे अंतर चारशे वर्षांचे आहे. रस्त्यावरची जोखीम कोणाची, ही घासाघीस मात्र तीच.

ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन बंधनकारक झाले आहे. मे महिन्यात विदर्भातून गाडी चालवणाऱ्याला याचे मोल सांगायला नको. पण ही यंत्रणा इंजिनावर चालते. गोदामाच्या फाटकाबाहेर सहा तास उभ्या असलेल्या ट्रकमध्ये ती चालू ठेवायची, तर डिझेल जळणार. अधिसूचना यंत्रणेच्या चाचणीविषयी बोलते. ते डिझेल कोणाच्या खात्यावर पडायचे, हे चालक आणि मालक यांनी फाटकाबाहेरच ठरवायचे आहे.