कुडातली काडी, काँक्रीटमधली तार

मिरजोळे हे रत्नागिरी शहराला लागून असलेले, जांभ्याच्या मुलखातले गाव. या भागात भिंत म्हटली की जांभ्याचा चिरा आठवतो, पण चिरा सगळ्यांनाच परवडत नसे. गरिबाच्या घराला कूड असे. कारवी किंवा बांबूच्या कामट्या उभ्या-आडव्या लावून सुंभाने बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी माती लिंपायची. नुसती माती वाळताना तडकते. म्हणून तिच्यात तूस, चिरलेला पेंढा आणि शेण घालून ती पायांनी तुडवीत. शेणाचा चिकटपणा सर्वांना ठाऊक; त्यातला न पचलेला चोथा म्हणजे बारीक तंतूच, हे मात्र सहसा कोणी बोलत नाही. भेग पडायची ती पडतेच, पण काडी तिच्यावर आडवी राहून दोन्ही काठ धरून ठेवते. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यातही भांगेच्या काड्यांचे तुकडे मिसळलेले आहेत.

सिमेंट आले तसे तंतू बदलले. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रियाच्या लुडविग हॅचेक याने कागद करण्याच्या यंत्राच्या धर्तीवर सिमेंट आणि तंतुमय अ‍ॅस्बेस्टॉसचे पातळ पत्रे काढले. सिमेंटचा पत्रा गंजत नाही, खाऱ्या हवेच्या किनाऱ्यावर हा गुण मोठाच. अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसाचे रोग होतात हे कळल्यावर अनेक देशांनी ते बंद केले. त्याआधीच, १९६०च्या दशकात, काँक्रीटमध्ये पोलादी तारांचे तुकडे घालण्याचा अभ्यास सुरू झाला.

हे तंतू नेमके करतात काय? वरून दाबलेले काँक्रीट बाजूंना फुगते आणि उभे चिरते. १९२८ साली अमेरिकेत रिचर्ट आणि सहकाऱ्यांनी काँक्रीटच्या दंडगोलांना बाजूनेही दाब दिला, तेव्हा बाजूच्या दाबाच्या सुमारे ४.१ पट इतकी ताकद वाढली. तंतू हेच आवळणे आतून करतात, पण फुगणे सुरू झाल्यावरच. ताकदीत ते थोडीच भर घालतात. माल एकदम फुटत नाही, हा खरा फायदा. दोनच दिशांनी दाबलेला तुकडा तिसऱ्या, मोकळ्या अंगाला पापुद्र्यासारखा फुटतो. कुप्फर या संशोधकाच्या १९६९च्या प्रयोगांत दोन्हीकडून सारखा दाब दिलेल्या साध्या काँक्रीटची ताकद सुमारे १६ टक्केच वाढली होती. तंतूंचे मोल इथेच सर्वाधिक, कारण त्या मोकळ्या अंगाला धरायला दुसरे कोणी नसते. सर्व बाजूंनी जोरात आवळलेल्या तुकड्यात त्यांना फारसे काम उरत नाही.